क्लिंग रॅप हातात गोळा होऊ नये म्हणून: खोकं, पातं आणि फिल्म नेमक्या कोणत्या क्रमाने ठरवायची

क्लिंग रॅपचे, म्हणजे भांडी झाकायच्या पातळ पारदर्शक प्लास्टिक फिल्मचे जंबो रोल विकत घेऊन घरगुती वापराचे छोटे रोल बनवणारे बरेच लघुउद्योजक सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात. 'चिकटत नाही', 'गोळा होतो', 'टोक सापडत नाही' अशा तक्रारी आल्या की ते फिल्मवाल्याला फोन करून 'जास्त चिकटणारा माल द्या' म्हणतात. पण वाटीला जास्त चिकटणारी फिल्म स्वतःलाही तितकीच जास्त चिकटते. खोकं जुनंच असेल तर तक्रारी वाढतात. म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका: आधी हात, मग रोल, मग खोकं, मग पातं आणि फिल्मची चिकट सगळ्यात शेवटी.

हा लेख स्वतःच्या नावाने रोल विकणाऱ्यांसाठी आणि पॅकेजिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. फिल्म तयार कशी होते हे इथे फक्त गरजेपुरतंच येईल.

तयारी: काम सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- बाजारातल्या तीन-चार वेगवेगळ्या बनावटीचे रोल, खोक्यांसकट
- एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा, व्हर्नियर, स्टीलची पट्टी
- खोक्याचे नमुने हाताने कापण्यासाठी ड्युप्लेक्स बोर्ड (खोक्यांचा पुठ्ठा), साधारण ३५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाचा
- भांडी: स्टीलची वाटी, कडेला वळवलेली पट्टी असलेलं स्टीलचं पातेलं, काचेचा बाऊल, चिनी मातीची बशी, प्लास्टिकचा डबा, मेलामाईनची प्लेट

भांड्यांची ही यादी टाळू नका. आपल्याकडे झाकायची असते ती बहुधा स्टीलची वाटी किंवा पातेलं, आणि नमुने मात्र काचेच्या बाऊलवर तपासले जातात. काच गुळगुळीत असते, तिच्यावर कुठलीही फिल्म बसते. स्टीलच्या भांड्याची कड बारीक, कधी ओली, कधी तेलकट असते. फिल्मला धरायला तिथे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जागा मिळते.

टप्पा १: हात नेमका कुठे अडतो ते पाहा

रोल वापरताना हाताची पाच कामं होतात: टोक शोधणं, ओढणं, कापणं, भांड्यापर्यंत नेणं आणि कडेला बसवणं. घरातल्या, शेजारच्या, एखाद्या मेसमधल्या माणसांच्या हातात रोल द्या आणि गप्प बसून बघा. कसं वापरायचं ते सांगू नका. कोण कुठल्या कामावर अडला, एवढंच लिहून घ्या.

बघताना तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्या. पहिली, कापण्याच्या क्षणी दुसरा हात कुठे आहे. बहुतेक जण एका हाताने खोकं धरतात आणि दुसऱ्या हाताने फिल्मचा एकच कोपरा ओढतात. तिथेच फिल्म तिरकी होते, दुमडते आणि स्वतःला चिकटते. दुसरी, कापल्यावर खोक्यात उरलेलं टोक कुठे जातं. ते परत रोलवर आदळलं तर पुढच्या वेळी नखाने शोधावं लागणार. तिसरी, हात ओले आहेत का. स्वयंपाकघरात ते असतातच, आणि पुठ्ठ्याचं खोकं ओल्या हातातून निसटतं.

तपासा: तुमच्या नोंदींत बहुसंख्य अडचणी 'कापणं' आणि 'टोक शोधणं' यांत असतील, तर दोष मुख्यतः खोक्यात आहे. 'बसवणं' यात असतील, तरच फिल्मवर बोला.

टप्पा २: कामचलाऊ फिल्म घ्या आणि तिची जाडी वजनाने पडताळा

या टप्प्यावर मधल्या दर्जाची एकच फिल्म घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. दर आठवड्याला फिल्म बदलली तर सुधारणा खोक्यामुळे झाली की फिल्ममुळे, हे कधीच कळत नाही.

घरगुती फिल्म साधारण ८ ते १५ मायक्रॉनची असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. पीव्हीसी फिल्म मऊ, चकचकीत, कापायला सोपी. तिचा चिकटपणा तिच्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनामुळे येतो. पॉलिइथिलीनच्या फिल्ममध्ये असा प्लास्टिसायझर नसतो. तिला पॉलिआयसोब्युटिलीनसारखा चिकट पदार्थ घालून चिकट आणावी लागते. ती जास्त ताणली जाते आणि म्हणून कापायला त्रास देते. घरगुती वापरात गरम, तुपट, तेलकट पदार्थांवरही फिल्म टाकली जाते. प्लास्टिसायझर चरबीत उतरतो, म्हणून मी पॉलिइथिलीनच सुचवेन, आणि कापण्याची अडचण पात्याने सोडवेन.

सांगितलेली जाडी आणि मिळालेली जाडी यांत फरक निघतो. दहा मायक्रॉन मोजायला साधा व्हर्नियर कामाचा नाही, पण वजनकाटा आहे. पॉलिइथिलीनची घनता साधारण ०.९२ धरा. ३० सेंटिमीटर रुंद, ३० मीटर लांब, १० मायक्रॉनची फिल्म म्हणजे ९ चौरस मीटर, आणि तिचं वजन सुमारे ८३ ग्रॅम. रोलच्या वजनातून रिकाम्या कोअरचं (आतल्या पुठ्ठ्याच्या नळीचं) वजन वजा करा. ७० ग्रॅम भरलं तर एकतर जाडी कमी आहे किंवा लांबी.

सावधान: पीव्हीसीची घनता जास्त असते, साधारण १.२३ ते १.२५. तेवढ्याच आकाराचा पीव्हीसी रोल ११० ग्रॅमच्या वर जातो. पॉलिइथिलीनचा आकडा त्याला लावू नका.

टप्पा ३: रोल ठरवा – कोअर, लांबी, गुंडाळण्याचा ताण

खोक्याचं माप रोलवरून ठरतं आणि रोल वापराबरोबर बारीक होत जातो. हे गणित कागदावर केलं नाही, तर नवा रोल अडकतो आणि संपत आलेला रोल खोक्यात उड्या मारतो.

सूत्र सोपं आहे. रोलच्या व्यासाचा वर्ग म्हणजे कोअरच्या बाहेरच्या व्यासाचा वर्ग, अधिक लांबी गुणिले जाडी गुणिले ४ भागिले ३.१४. सगळी मापं मिलिमीटरमध्ये घ्या. कोअर ३० मिमीचा आणि फिल्म १० मायक्रॉनची असेल, तर ३० मीटरचा रोल भरतो जेमतेम ३६ मिमी, आणि १०० मीटरचा सुमारे ४७ मिमी. गुंडाळताना थरांत थोडी हवा राहते, म्हणून प्रत्यक्षात व्यास किंचित जास्त निघेल.

आता याचा अर्थ बघा. ३० मीटरच्या रोलमध्ये भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थेत फरक फक्त ६ मिमीचा आहे. तो शेवटपर्यंत स्थिर बसेल. १०० मीटरच्या रोलमध्ये हाच फरक १७ मिमीचा होतो आणि अर्ध्यानंतर तो खोक्यात घरंगळू लागतो. मोठी लांबी विकायची असेल तर कोअर मोठ्या व्यासाचा घ्या किंवा पुढच्या टप्प्यातली कानपट्टी (रोल जागेवर धरणारी खोक्याच्या टोकाची पट्टी) नीट करा. नुसतं मोठं खोकं हा उपाय नव्हे.

रिवाइंडिंग करणाऱ्याला, म्हणजे जंबो रोलवरून छोटे रोल गुंडाळून देणाऱ्याला, तीन गोष्टी स्पष्ट सांगा:

१. कोअरची लांबी फिल्मच्या रुंदीइतकी किंवा मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त हवी. कोअर आखूड असेल तर फिल्मच्या कडा खोक्यावर घासतात आणि चिरतात.

२. स्लिटिंगचं (फिल्म हव्या रुंदीत चिरण्याचं) ब्लेड धारदार हवं. बोथट ब्लेडने कडेला सूक्ष्म खाचा पडतात. ब्लोन फिल्म (फुग्यासारखी फुगवून बनवलेली) मशीनमधून निघतानाच लांबीच्या दिशेने ओढलेली असते, त्यामुळे फाटण्याची तिची ओढ त्याच दिशेला. कडेच्या एका खाचेतून सुरू झालेली चीर रोलच्या लांबीबरोबर धावत जाते आणि ग्राहकाच्या हातात दोन इंच रुंदीची पट्टी येते. मग तो म्हणतो फिल्म खराब आहे.

३. गुंडाळण्याचा ताण कमी आणि सारखा ठेवावा. आवळून गुंडाळलेल्या रोलमध्ये थर एकमेकांना घट्ट चिकटतात आणि ओढताना हिसका द्यावा लागतो.

तपासा: रोल उभा धरून त्याच्या तोंडाकडे उजेडात बघा. कड सपाट, एकसारखी चकाकणारी हवी. पांढरट, केसाळ किंवा पायऱ्यांसारखी वर-खाली दिसली तर तो रोल परत करा.

टप्पा ४: खोकं

खोक्याची कामं तीन: रोल जागेवर ठेवणं, फिल्मला दोन्ही बाजूंनी सारखा ताण देणं, आणि कापल्यावर टोक धरून ठेवणं. पुठ्ठ्याचे चार-पाच नमुने हाताने कापा. डाय (पुठ्ठा कापायचा साचा) बनवायची घाई करू नका. डाय एकदा बनली की माणूस तिच्यातच अडकतो.

रोल जागेवर ठेवण्यासाठी दोन्ही टोकांना आत ढकलायच्या कानपट्ट्या द्या. त्या कोअरच्या भोकात शिरल्या पाहिजेत, म्हणजे रोल वर उडत नाही आणि मुक्त फिरतही नाही. थोडा अडथळा हवाच: पूर्ण मोकळा फिरणारा रोल एका ओढीत गरजेपेक्षा जास्त सुटतो. बाजारातल्या अनेक खोक्यांना या पट्ट्या असतात, पण छिद्ररेषा इतकी घट्ट की अंगठ्याने दाबल्या तरी आत जात नाहीत. तिथे 'दाबा' असं छापलेलंही नसतं, म्हणून वर्षानुवर्षं रोल वापरणाऱ्यालाही त्या माहीत नसतात. छिद्ररेषा सैल करा, बाण छापा.

खोक्याची आतली लांबी कोअरपेक्षा तीन-चार मिलिमीटरच जास्त ठेवा. जास्त सोडली तर रोल डावी-उजवीकडे सरकतो आणि फिल्म तिरकी येते.

झाकणाची पुढची पट्टी हा या सगळ्याचा कणा आहे. फिल्म झाकण आणि पुढची भिंत यांच्यामधून खाली यावी, झाकण बंद व्हावं, आणि अंगठ्याने पट्टीच्या मध्यावर दाबलं की फिल्म पूर्ण रुंदीत चिमटली जावी. मग कापण्यासाठी फिल्म ओढायची गरज उरत नाही. फिल्म स्थिर धरून खोकंच मनगटातून बाहेरच्या बाजूला वळवायचं. यासाठी पट्टी मध्यावर किंचित फुगलेली आणि ताठ हवी. ३०० जीएसएमखालचा बोर्ड इथे वाकतो आणि चिमटा सुटतो. पट्टीला दुहेरी घडी दिली तर कमी वजनाच्या बोर्डातही काम होतं.

सावधान: अॅल्युमिनियम फॉईलचं तयार खोकं आणि तयार डाय वापरून पैसे वाचवू नका. फॉईल घडी पडली तशी राहते, ताणली जात नाही, तिला चिमटा लागत नाही. क्लिंग रॅपला तो सगळ्यात जास्त लागतो.

टप्पा ५: पातं

फॉईलचे दाते मोठे आणि बोथट असतात. त्यांच्यावर पॉलिइथिलीनची फिल्म ठेवून ओढली की ती आधी लांबते, पांढरी पडते आणि मग वाटेल तिथे तुटते. ताणल्या जाणाऱ्या फिल्मला बारीक, टोकदार, जवळजवळ असलेले दाते लागतात, जे आधी भोसकतात आणि मग कापतात.

पात्याचा आकार सरळ ठेवू नका. मध्यभागी खाली उतरणारा उथळ व्ही आकार द्या. सरळ पात्यावर माणूस एका कडेपासून सुरुवात करतो, म्हणजे फिल्म तिरकी ओढतो आणि दुमडणं तिथेच सुरू होतं. व्ही आकारात सगळा जोर आधी मधल्या एका दात्यावर येतो, तिथे भोक पडतं आणि चीर दोन्ही बाजूंना सारखी पसरते. दोन्ही कोपरे शेवटपर्यंत ताणलेले राहतात. जपानमध्ये घरगुती रॅपच्या खोक्यांवर असं व्ही आकाराचं पातं नेहमीचं आहे, आणि तिथे अंगठ्याने मध्य दाबून मनगट वळवायची पद्धत खोक्यावरच चित्राने दाखवलेली असते. तेवढंच चित्र आपल्या खोक्यांवर आलं तरी निम्मं काम होईल असं मला वाटतं.

धातूचं पातं उत्तम कापतं, पण बोटही कापतं. खोकं टाकताना पातं पुठ्ठ्यापासून वेगळं करावं लागतं. ते कोणी करत नाही आणि कचरा वेचणाऱ्याचा हात चिरतो. म्हणून पुठ्ठ्याच्या तंतूंपासून किंवा कडक प्लास्टिकपासून बनवलेलं पातं आधी आजमावा.

दुसरा मार्ग सरकत्या कटरचा: खोक्याच्या कडेला रूळ आणि त्यात डावी-उजवीकडे सरकणारं छोटं, झाकलेलं पातं. लहान मुलं असलेल्या घरात आणि मेसमध्ये हा उत्तम. खर्च वाढतो, म्हणून १०० मीटर आणि त्यावरच्या रोललाच परवडतो. त्यात फिल्म आधी रुळाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर सपाट बसली पाहिजे. न बसल्यास पातं फिल्म कापण्याऐवजी तिला पुढे ढकलत गोळा करतं.

तपासा: कापलेला तुकडा टेबलावर ठेवा. चारही कोपरे ९० अंशांच्या जवळ आणि कड पांढरी न पडलेली असेल तर पातं बरोबर. एक कोपरा लांब शेपटीसारखा आला तर एकतर चिमटा सुटतोय किंवा पात्याचा मध्य चुकलाय.

टप्पा ६: टोक हरवू नये

कापल्यावर उरलेली फिल्म खोक्याच्या पुढच्या भिंतीवर दोन-तीन सेंटिमीटर तरी राहिली पाहिजे. त्यासाठी त्या भिंतीवर गुळगुळीत, चकचकीत वार्निशचा पट्टा द्या. फिल्म त्यावर हलकी धरून राहते. उरलेल्या खोक्यावर मॅट फिनिश ठेवा, म्हणजे ओल्या हातात पकड मिळते. भिंतीच्या मध्यावर बोट जाईल एवढी अर्धगोल खाच ठेवली तर टोक खालून उचलता येतं.

नव्या रोलचं पहिलं टोक रंगीत कागदी पट्टीने बंद करा आणि पट्टीचा एक भाग मोकळा सोडा. पट्टी रोलवर फिल्मच्या पूर्ण रुंदीत हवी. मध्येच चिकटवलेली छोटी पट्टी ओढली की फिल्म मध्यातून फाटते आणि पहिल्याच वापराला टोक हरवतं.

टोक दिसावं म्हणून फिल्मला फिकट निळसर छटा देता येते. अन्नात निळा रंग क्वचितच असल्याने फाटलेला तुकडाही ताटात चटकन दिसतो. रंगद्रव्य मात्र अन्नसंपर्कासाठी मान्य असलेलंच हवं. त्यासाठी आयएस ९८३३ हे भारतीय मानक आहे.

टप्पा ७: आता फिल्मची चिकट

खोकं पक्कं झाल्यावरच फिल्मवाल्याशी बसा. मागणी 'जास्त चिकट' अशी करू नका. नेमकं काय हवं ते सांगा.

चिकट एकाच बाजूला हवी का, हे आधी ठरवा. अनेक थरांच्या फिल्ममध्ये एकच बाजू चिकट ठेवता येते. ती स्वतःवर दुमडली तरी सुटते, पण भांड्याला कुठली बाजू लावायची हे ग्राहकाला कळावं लागतं. रोलवरून सरळ खाली आलेली बाजूच भांड्याला लागेल अशा रीतीने रोल गुंडाळून घ्या, म्हणजे सूचनेची गरज राहत नाही.

फिल्म फार ताणली जात असेल तर एलएलडीपीईचं प्रमाण थोडं कमी करून एलडीपीई वाढवायला सांगा (हे दोन्ही पॉलिइथिलीनचेच प्रकार). कापणं सोपं होतं, पण फिल्म लवकर फाटतेही. हा तोल भांड्याच्या कडेवर तपासूनच ठरवायचा असतो.

पॉलिइथिलीनमध्ये चिकट पदार्थ आतून हळूहळू पृष्ठभागावर येतो. मशीनवरून उतरलेला ताजा रोल कमी चिकटतो आणि काही दिवसांनी तोच जास्त चिकटू लागतो. ताज्या मालावर 'चिकट वाढवा' असा निर्णय घेणं ही या टप्प्यातली सर्वांत महागडी चूक. नमुना किमान आठवडाभर ठेवा आणि मग तपासा. उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात ही क्रिया आणखी वेगाने होते.

कोरड्या हवेत फिल्म रोलवरून सुटताना स्थिर विद्युतभार जास्त साठतो. विदर्भात हिवाळ्यात किंवा वैशाखात फिल्म हाताला झेप घेते. कोकणात पावसाळ्यात तीच फिल्म शांत असते, पण दमट कडेवर धरत नाही. माल दोन्हीकडे जाणार असेल तर नमुनेही दोन्हीकडे तपासा. ग्राहकासाठी खोक्यावर एक ओळ छापा: 'सावकाश ओढा'. झटका दिला की भार वाढतो. रोल थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायची घरगुती युक्तीही कामाची आहे, कारण थंड फिल्म ताठ होते आणि कमी चिकटते.

टप्पा ८: चाचणी

दहा माणसं घ्या, त्यांत दोन साठीच्या पुढची आणि एक तरी डावखुरी. प्रत्येकाने तीन रोल वापरायचे: नवा, अर्धा आणि संपत आलेला. प्रत्येक रोलवर पाच तुकडे: दोन कोरड्या हाताने, दोन ओल्या हाताने, एक घाईत. तुकडा न दुमडता भांड्यावर बसला की एक गुण. दुमडून सोडवावा लागला तर शून्य. 'बरं वाटलं का' हे विचारू नका. माणसं सभ्यपणे हो म्हणतात.

झाकलेली भांडी फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी कडा बघा. दही, चिरलेलं कलिंगड आणि भिजवलेली कणीक हे तीन नमुने पुरतात: एक ओलसर, एक पाणी सोडणारा आणि एक वाळणारा. प्रयोगशाळेत आकडे हवे असतील तर चिकट मोजायला एएसटीएम डी५४५८ आणि फाटण्याचा विरोध मोजायला एएसटीएम डी१९२२ या पद्धती मागा.

टप्पा ९: छपाईआधी कायद्याच्या बाजू

अन्नसंपर्कासाठी पॉलिइथिलीनला आयएस १०१४६ आणि पीव्हीसीला आयएस १०१५१ लागू होतं. पदार्थात उतरणाऱ्या घटकांची एकूण मर्यादा एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८च्या पॅकेजिंग नियमांनुसार किलोला ६० मिलिग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम आहे. चाचणी आयएस ९८४५ प्रमाणे होते. फिल्मवाल्याकडून तुमच्या बॅचचा अहवाल घ्या. जुन्या बॅचची झेरॉक्स चालवून घेऊ नका.

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये वेष्टनाच्या प्लास्टिकला किमान ५० मायक्रॉनची अट आहे, आणि जाडीमुळे वस्तूचा उपयोगच बिघडत असेल तर सूट आहे. महाराष्ट्राचे २०१८पासूनचे वेगळे निर्बंधही आहेत. त्यामुळे उत्पादन सुरू करण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून लेखी उत्तर आणि ईपीआर (प्लास्टिक कचऱ्याची उत्पादकावरची जबाबदारी) नोंदणी या दोन्ही गोष्टी हातात ठेवा.

सावधान: १ जुलै २०२२ पासून मिठाईच्या खोक्यांभोवती, निमंत्रणपत्रिकांभोवती आणि सिगारेटच्या पाकिटांभोवती प्लास्टिक फिल्म गुंडाळण्यावर देशभर बंदी आहे. खोक्यावर मिठाईच्या बॉक्सचं चित्र छापू नका आणि मिठाईवाल्यांना हा माल त्या कामासाठी विकू नका.

खोक्यावर रुंदी, लांबी, एमआरपी आणि उत्पादकाचा पत्ता ठळक छापा. मायक्रोव्हेवसाठी फिल्म तपासलेली नसेल तर तसं स्पष्ट लिहा. तपासलेली असेल तर 'एक कोपरा उघडा ठेवा, फिल्म पदार्थाला टेकू देऊ नका' हे दोन सल्ले द्या. मनगट वळवण्याचं चित्र झाकणाच्या वरच्या बाजूलाच असू द्या. मागच्या बाजूला छापलेलं चित्र ओट्यावर खोकं ठेवल्यावर भिंतीकडे जातं.